झोटेरोतले संदर्भ नोट्सच्या अ‍ॅपमध्ये येत नाहीत? साखळी कुठे तुटते, कशी जोडायची

लोणारच्या सरोवरावर अभ्यास करणाऱ्या कुणालाही एक गोष्ट लवकर कळते. सरोवर एकच असलं, तरी त्याचं वय सांगणारे शोधनिबंध वेगवेगळे आकडे देतात. १९९७ मध्ये थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने काढलेलं वय सुमारे ५२ हजार वर्षं होतं. २०११ मध्ये आरगॉन पद्धतीने काढलेलं वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. म्हणजे फरक दहा पटींहून जास्त.

आता समजा, बुलडाणा जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजची संशोधक विद्यार्थिनी हे दोन्ही निबंध झोटेरोमध्ये ठेवते आणि नोट्स ऑब्सिडियनमध्ये लिहिते. सिंकमध्ये गडबड झाली आणि २०११ ची नोट १९९७ च्या संदर्भाला चिकटली, तर प्रबंधात चुकीचा आकडा चुकीच्या नावावर छापला जाईल. पुढे तोच प्रबंध शोधगंगेवर चढतो आणि सगळ्यांना वाचायला खुला होतो.

म्हणून सिंकचा प्रश्न फक्त 'अ‍ॅप नीट चालत नाही' एवढ्यावर थांबत नाही.

मुळात ही दोन अ‍ॅप्स काय करतात?

झोटेरो हा संदर्भ सांभाळणारा मोफत प्रोग्रॅम आहे. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ मध्ये तो सुरू झाला. शोधनिबंधाचं शीर्षक, लेखक, वर्ष, पीडीएफ आणि त्यावर मारलेले हायलाइट्स तो एका ठिकाणी ठेवतो.

ऑब्सिडियन हे नोट्सचं अ‍ॅप आहे. त्यातली प्रत्येक नोट म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवरची एक साधी मजकुराची फाइल. अशा सगळ्या नोट्सच्या फोल्डरला ऑब्सिडियनमध्ये 'व्हॉल्ट' म्हणतात.

बऱ्याच जणांचा एक गैरसमज असतो. झोटेरो आणि ऑब्सिडियन एकमेकांशी आपोआप सिंक होत नाहीत. मध्ये एक प्लगइन असतं. ते झोटेरोतून माहिती ओढून नोटमध्ये टाकतं. हा रस्ता साधारणपणे एकाच दिशेचा आहे. नोटमध्ये केलेला बदल झोटेरोत परत जात नाही.

साखळीत चार कड्या आहेत:

१. तुमच्या कॉम्प्युटरवरचं झोटेरो
२. झोटेरोचा सर्व्हर आणि तुमचा दुसरा कॉम्प्युटर किंवा मोबाइल
३. झोटेरोतून माहिती बाहेर काढणारं प्लगइन
४. ऑब्सिडियनचं फोल्डर आणि ते फोल्डर इतर मशीनवर नेणारी सोय

बिघाड यांपैकी एखाद्याच कडीत असतो. कोणत्या, ते आधी शोधायचं. सगळं काढून पुन्हा इन्स्टॉल करणं हा पहिला उपाय नाही, शेवटचा आहे.

काहीही करण्याआधी एक काम

झोटेरो पूर्ण बंद करा. सेटिंग्जमधल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' भागात तुमचं डेटा फोल्डर कुठे आहे ते दिसतं. ते अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा. ऑब्सिडियनच्या फोल्डरचीही एक कॉपी ठेवा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, पण पुढे काही चुकलं तर मागे येता येतं.

कडी पहिली आणि दुसरी: झोटेरोतच अडलंय का?

ब्राउझरमध्ये झोटेरोच्या वेबसाइटवर लॉग-इन करा आणि तिथली तुमची लायब्ररी बघा. नवीन निबंध तिथे दिसत असेल, तर पहिल्या कॉम्प्युटरने काम केलंय आणि अडचण पुढे आहे. दिसत नसेल, तर अडचण इथेच आहे.

इथे एक फरक लक्षात घ्या. झोटेरो दोन गोष्टी वेगवेगळ्या सिंक करतं. शीर्षक, लेखक, टॅग, नोट्स ही माहिती वेगळी आणि पीडीएफ फाइल्स वेगळ्या. माहितीच्या सिंकला जागेची मर्यादा नाही. फाइल्ससाठी मात्र मोफत जागा ३०० एमबीच मिळते. जुन्या गॅझेटिअरची किंवा नकाशांची स्कॅन केलेली प्रत असेल, तर ही जागा पटकन भरते. मग दुसऱ्या मशीनवर शीर्षक दिसतं, पण पीडीएफ उघडत नाही. अशा वेळी मोठ्या फाइल्स कमी करा, जागा विकत घ्या किंवा वेबडॅव्ह देणारी सेवा जोडा. वेबडॅव्ह फक्त स्वतःच्या लायब्ररीसाठी चालतं, ग्रुप लायब्ररीसाठी नाही.

'लिंक केलेली फाइल' हाही नेहमीचा घोळ. पीडीएफ झोटेरोत न घेता फक्त तिचा पत्ता जोडला असेल, तर ती फाइल झोटेरोच्या सिंकमध्ये जातच नाही.

कॉलेजच्या नेटवर सिंक अडतं आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं, असं झालं तर दोष बहुधा कॉलेजच्या प्रॉक्सीचा किंवा फायरवॉलचा असतो. लॅबच्या माणसाला विचारा.

आणि एक मोठी चूक टाळा. झोटेरोचं डेटा फोल्डर गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये ठेवू नका. त्यात डेटाबेसची फाइल असते. झोटेरो त्यात लिहीत असतानाच क्लाउडने ती उचलली, तर ती खराब होऊ शकते.

हायलाइट्स दिसत नाहीत?

२०२२ मध्ये आलेल्या झोटेरो ६ पासून पीडीएफ वाचायची सोय झोटेरोतच आहे. तिथे मारलेले हायलाइट्स पीडीएफच्या आत बसत नाहीत, ते झोटेरोच्या डेटाबेसमध्ये राहतात. म्हणून तीच पीडीएफ दुसऱ्या अ‍ॅपमध्ये उघडली तर ती कोरी दिसते. हायलाइट्स उडालेले नसतात. ते फाइलमध्ये हवे असतील, तर झोटेरोतून हायलाइट्ससह पीडीएफ एक्स्पोर्ट करावी लागते.

कडी तिसरी: प्लगइन

ऑब्सिडियनमध्ये 'झोटेरो इंटिग्रेशन' हे प्लगइन बरेच जण वापरतात. ते चालायला दोन गोष्टी लागतात. झोटेरोमध्ये 'बेटर बिबटेक्स' हे दुसरं प्लगइन असायला हवं आणि त्या वेळी झोटेरो उघडं असायला हवं. झोटेरो बंद असेल, तर ऑब्सिडियनला माहिती द्यायला समोर कुणी नसतं. हे प्लगइन मोबाइलवर चालत नाही.

झोटेरो ७ ही आवृत्ती २०२४ मध्ये आली, तेव्हा जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेली प्लगइन्स बंद पडली. झोटेरोचं मोठं अपडेट घेतल्यावर सिंक थांबलं असेल, तर आधी प्लगइनची नवी आवृत्ती घ्या.

आता त्या वयाच्या घोळाकडे येऊ. बेटर बिबटेक्स प्रत्येक संदर्भाला एक ओळख देतं. तिला 'सायटेशन की' म्हणतात. साधारणपणे लेखकाचं आडनाव, शीर्षकातले शब्द आणि वर्ष यांतून ती बनते. नोट आणि संदर्भ यांची गाठ या कीवरच असते. आपोआप बनलेली की लेखकाचं नाव किंवा वर्ष दुरुस्त केल्यावर बदलू शकते. मग जुनी नोट अनाथ होते आणि नवी नोट वेगळी बनते.

उपाय असे:

• आधी लेखक, वर्ष, शीर्षक तपासून घ्या, मग की पक्की म्हणजे 'पिन' करा आणि त्यानंतरच नोट बनवा.
• एकच निबंध दोनदा आला असेल, तर 'डुप्लिकेट आयटम्स'मध्ये जाऊन दोन्ही एकत्र करा. नाहीतर हायलाइट्स एका नोंदीवर आणि नोट दुसरीवर, असं होतं.
• मराठी पुस्तकांची नावं देवनागरीत असतील, तर आपोआप बनलेली की एकदा डोळ्यांखालून घाला. विचित्र वाटली तर स्वतः सोपी की द्या.

'सायटेशन्स' नावाचं प्लगइन वापरत असाल, तर ते थेट झोटेरोशी बोलत नाही, एक्स्पोर्ट केलेली फाइल वाचतं. ती फाइल काढताना 'कीप अपडेटेड'वर खूण केली नसेल, तर नवे संदर्भ कधीच येणार नाहीत. फाइलची जागा बदलली असेल, तर प्लगइनमधला पत्ताही बदला.

लिहिलेली नोट पुसली गेली, असं का होतं?

झोटेरो इंटिग्रेशनने तोच निबंध पुन्हा इम्पोर्ट केला, की नोट टेम्प्लेटनुसार नव्याने लिहिली जाते. त्या नोटमध्ये तुम्ही हाताने लिहिलेला मजकूर जाऊ शकतो. यासाठी टेम्प्लेटमध्ये 'पर्सिस्ट' नावाची सोय आहे. तिच्या आतला मजकूर जपला जातो. ते जमत नसेल तर सोपा मार्ग घ्या. संदर्भाची नोट वेगळी, स्वतःच्या विचारांची वेगळी, आणि दोन्हींमध्ये लिंक.

कडी चौथी: व्हॉल्टचं सिंक

घरच्या कॉम्प्युटरवर नोट दिसते, मोबाइलवर नाही. अशा वेळी झोटेरोला दोष देऊ नका. व्हॉल्ट कोणत्या सेवेने सिंक होतंय ते बघा. ऑब्सिडियनचं स्वतःचं पैसे देऊन मिळणारं सिंक आणि गूगल ड्राइव्हसारखी सेवा, दोन्ही एकाच फोल्डरवर लावू नका. एकाच नोटच्या दोन-तीन प्रती तयार होतात आणि खरी कोणती ते कळत नाही.

नोशन वापरणाऱ्यांसाठी

नोशनला संदर्भ पाठवायला 'नोटेरो' हे प्लगइन आहे. ते अडलं तर दोन गोष्टी बघा. नोशनमधल्या त्या डेटाबेसला कनेक्शनची परवानगी दिली आहे का? आणि रकान्यांची नावं आणि प्रकार प्लगइनला हवे तसेच आहेत का?

हे बटण विचार करूनच दाबा

झोटेरोच्या सिंक सेटिंग्जमध्ये 'रिसेट' विभाग आहे. त्यातलं 'रिसेट फाइल सिंक हिस्टरी' फक्त फाइल्सची पुन्हा तपासणी करतं. पण 'रिप्लेस ऑनलाइन लायब्ररी' सर्व्हरवरची लायब्ररी काढून तुमच्या मशीनवरची तिथे ठेवतं. मशीनवरची लायब्ररी अर्धवट असेल, तर सर्व्हरवरचीही अर्धवटच होईल. बॅकअप असल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

सिंक परत सुरू झाल्यावर दहा संदर्भ निवडा आणि नोटमधलं वर्ष, लेखक, आकडा मूळ पीडीएफशी ताडून बघा. लोणारच्या वयासारखे वादाचे आकडे आधी घ्या. सिंक झाल्याची खूण दिसली म्हणजे फाइल्स पोचल्या. नोट योग्य निबंधाची आहे का, ते मात्र वाचूनच कळतं.