संकासुर रंगताना

1963 सालचा मार्गशीर्ष. तळकोकणातल्या एका देवळासमोर तुम्ही बसला आहात. शेणानं सारवलेलं अंगण थंडगार पडलंय. शेजारची आजी काही न विचारता घोंगडीचं टोक तुमच्या पायांवर ओढते. आज जत्रा आहे, रात्रभर दशावतार.

पालखीची प्रदक्षिणा व्हायची आहे. तोवर पोरांनी एका चाकरमान्याला घेरलंय. तो लालबागच्या गिरणीत साचे चालवतो आणि त्यानं ‘बीस साल बाद’ पाहिलाय. सिनेमाची गोष्ट तो करूनच दाखवतो. ओठ मिटून लताबाईंची ती दूरवरून येणारी हाक गुणगुणतो, मध्येच थांबतो, सावकाश मान वळवून वडाकडे बघतो. सगळी पोरं तिकडे बघतात. तुम्हीसुद्धा.

“फुडे काय झाला?”

“गप रव. आयक.”

कॉनन डॉयलनं 1902 सालच्या कादंबरीत डेव्हनच्या माळावर सोडलेला शिकारी कुत्रा 1951 मध्ये ‘जिघांसा’ सिनेमातून बंगालीत आला, 1962 मध्ये या ‘बीस साल बाद’मधून हिंदीत. तिथे कुत्र्याच्या जागी सूड घेणाऱ्या बाईचा आत्मा आला. आता या अंगणात त्याच गोष्टीत व्हाळातलं गिऱ्हा नावाचं भूतही शिरलंय, कारण चाकरमान्याला लहानपणी त्याचीच भीती घातली होती. मला ही भेसळ फार मोलाची वाटते. शेवटी भूत म्हणजे माणूसच निघाला, असं तो सांगतो, तेव्हा पोरं ऐकूनच घेत नाहीत. “ता खोटा!”

तुम्ही देवळामागे जाता. डोक्यावरून वाहून आणलेले पेटारे उघडे आहेत. दिवसा नांगर धरणारे हात आरशात बघत स्वतःचा चेहरा रंगवताहेत. एक मिशी नुकतीच उतरली आहे, तिथे आता द्रौपदी उमलतेय. लिहिलेली संहिता नाही. आख्यान कुठलं ते ठरलं की संवाद ज्याचे त्यानं रंगमंचावर रचायचे. सामान म्हणजे एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर.

कोपऱ्यात एक किडकिडीत माणूस काळे कपडे चढवतोय. डोक्यावरून काळा बुरखा, त्यावर लोंबणारी लाल जीभ. “जरा बांध रे,” म्हणून तो पाठ करतो. मागची नाडी तुम्हीच बांधता. त्याच्या मानेवरचा घाम तुमच्या बोटांना लागतो.

पुढे गणपती येऊन जातो, सरस्वती येऊन जाते. पखवाज तापतो. आणि वेद चोरलेला संकासुर गॅसबत्तीच्या उजेडात उडी घेतो, मालवणीत गरजतो. नाडी तुम्हीच बांधलेली, तरी छातीत धस्स होतं. आजीच्या मांडीवरचं पोर किंचाळतं, आणि लगेच बोटांच्या फटीतून पुन्हा बघू लागतं.

उजाडताना दहीकाल्याची हंडी फुटते. माणसं मशाली विझवून घरची वाट धरतात. पुढे व्हाळ लागतो, गुडघाभर पाण्याचा. पोरं काठाशी थांबतात, एकमेकांचे हात धरतात. शेवटी कुणी राहायचं, यावरून त्यांची ढकलाढकली चाललीय. चाकरमानी मात्र केव्हाच घाईघाईनं पलीकडे पोचलाय.