राज्यसंघ आणि विधी : कोल्हापूर व दक्षिणी संस्थाने

दोन किंवा अधिक राज्यांनी आपापले अस्तित्व राखून, लेखी कराराने, सत्तेचा काही भाग एखाद्या सामाईक सत्तेकडे सोपविला म्हणजे जो विधी निर्माण होतो, त्यास स्थूलमानाने राज्यसंघाचा विधी म्हणता येईल. तो सर्वस्वी आंतरराष्ट्रीय विधी नव्हे आणि सर्वस्वी देशांतर्गत विधीही नव्हे. कोणत्या विषयांवरील सत्ता दिली गेली, संघाचा नियम प्रजाजनास थेट लागू होतो की राज्यकर्त्यामार्फत, आणि करारनाम्याच्या अर्थाविषयी वाद उत्पन्न झाल्यास निर्णय कोणी द्यावयाचा, यांवर त्याचे स्वरूप अवलंबून असते. यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत कळीचा होय. पश्चिम युरोपातील सहा राष्ट्रांनी १९५७ मध्ये रोम येथे करार करून आर्थिक समुदाय स्थापन केला. त्या समुदायाच्या न्यायालयाने १९६३ मध्ये करारातील तरतुदींवर सामान्य नागरिकासही हक्क सांगता येतो असे ठरविले आणि १९६४ मध्ये समुदायाचा विधी सदस्यराष्ट्रांच्या विधीहून श्रेष्ठ असल्याचा निर्णय दिला. तेथे संघविधीचा पाया करारनाम्याने घातला, पण इमारत न्यायालयाने उभी केली. भारतातील संस्थानांच्या बाबतीत नेमके याच्या उलट घडले. करारनामे झाले, ते विपुल झाले, परंतु त्यांचा अर्थ लावण्याचा अधिकार न्यायालयांकडे क्वचितच आला. कोल्हापूर संस्थानाच्या इतिहासात ही प्रक्रिया आरंभापासून अखेरपर्यंत पाहावयास मिळते.

कोल्हापूरचे स्वतंत्र राज्य विधिदृष्ट्या मान्य झाले ते वारणेच्या तहाने (१७३१). साताऱ्याचे छत्रपती शाहू व कोल्हापूरचे संभाजी या चुलतभावांत झालेल्या या तहाने वारणेच्या दक्षिणेकडील मुलूख कोल्हापूरकडे राहिला. एकाचा शत्रू तो दुसऱ्याचाही शत्रू मानावा आणि एकाच्या चाकरास दुसऱ्याने आश्रय देऊ नये, अशीही कलमे त्यात होती. वास्तविक दोन्ही पक्ष शिवछत्रपतींच्या एकाच राज्याचे वारस म्हणवीत. त्यामुळे हा तह दोन परक्या सत्तांमधील तह होता, की एका राज्याची भाऊबंदकीतून झालेली वाटणी होती, याचा निर्णय करणे कठीण आहे. तहाचा भंग झाल्यास दाद मागण्याचे ठिकाण मात्र कोठेच नव्हते. तो पाळला गेला तो उभयतांच्या सोयीमुळे आणि बळाच्या हिशेबामुळे.

इंग्रजांशी झालेल्या तहांत बळाचा हा हिशेब एकतर्फी होत गेला. १८१२ च्या तहाने कोल्हापूरने मालवण बंदर व काही मुलूख सोडला, आणि इतर सत्तांशी होणारे तंटे इंग्रजांच्या मध्यस्थीने मिटविण्याचे मान्य केले. त्याच्या मोबदल्यात इंग्रजांनी संस्थानाच्या संरक्षणाची हमी घेतली. परराष्ट्रव्यवहाराची सत्ता याप्रमाणे गेली. १८२६ ते १८२९ या काळातील करारांनी सैन्याच्या संख्येवर मर्यादा आली व अंतर्गत कारभारातही हस्तक्षेप सुरू झाला. गडकऱ्यांच्या बंडानंतर (१८४४) तर कारभारच इंग्रजांनी हाती घेतला. १८६२ च्या तहाने तो छत्रपती शिवाजी (बाबासाहेब) यांस परत मिळाला, तथापि महत्त्वाच्या सर्व बाबतींत ब्रिटिश सरकारच्या सल्ल्याने वागण्याचे बंधन त्यांजवर लादण्यात आले. ‘सल्ला’ हा शब्द येथे मोठा फसवा आहे. जो नाकारता येत नाही तो सल्ला नसून आज्ञा असते. कोणती बाब महत्त्वाची हे ठरविणाराही सल्ला देणाराच असल्याने तहाच्या एका कलमात अमर्याद सत्ता सामावली.

याच तहाने संस्थानाच्या पोटातही दुहेरी अधिकारक्षेत्र निर्माण झाले. कोल्हापूरच्या छत्राखाली विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी, कापशी, तोरगल इ. नऊ प्रमुख जहागिरी होत्या. त्यांपैकी मोठ्या जहागीरदारांवरील देखरेख व गंभीर गुन्ह्यांच्या न्यायदानावरील नियंत्रण ब्रिटिश अधिकाऱ्याकडे राखून ठेवण्यात आले. म्हणजे इचलकरंजीचा रहिवासी प्रथम जहागीरदाराचा, नंतर दरबारचा आणि काही बाबतींत थेट ब्रिटिश सत्तेचा अंकित होता. राखीव अधिकार परत मिळावेत, ही दरबारची मागणी पुढे अनेक वर्षे चालू राहिली. इचलकरंजीसारख्या जहागिरी आपण स्वतंत्र असल्याचा दावा करीत. त्यामुळे या वादास आणखी एक पदर होता. वारसाहक्कही या चौकटीबाहेर नव्हता. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले व शाहू छत्रपती झाले. धर्मशास्त्राप्रमाणे दत्तविधान पूर्ण झाले तरी गादीचा वारस म्हणून मान्यता देणे ब्रिटिश सत्तेच्या हाती होते.

एवढे असूनही अंतर्गत विधिनिर्मितीचे क्षेत्र बरेच मोकळे राहिले होते. शाहू छत्रपतींनी (कार. १८९४–१९२२) त्याचा जो उपयोग केला, तो राज्यसंघाच्या विधीच्या दृष्टीनेही अभ्यासण्याजोगा आहे. सरकारी नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा २६ जुलै १९०२ चा हुकूम, सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश (१९१७), कुलकर्णी वतन बंद करण्याचा निर्णय (१९१८), तसेच १९१७ नंतरच्या तीन-चार वर्षांत झालेले विधवाविवाह, आंतरजातीय विवाह व स्त्रियांचा छळ यांसंबंधीचे कायदे, हे सर्व करण्यास विधिमंडळाची गरज पडली नाही. राजाचा हुकूम गॅझेटात प्रसिद्ध झाला की तो कायदा. लोकांच्या संमतीवाचून चालणारी ही एकतंत्री सत्ता होती, हे खरे. परंतु लगतच्या मुंबई इलाख्यात तेव्हा ज्या सुधारणांचा विचारही झाला नव्हता, त्यांपैकी काही याच सत्तेने अंमलात आणल्या. अशा हुकमांचे विधिमूल्य पुढेही मान्य झाले. निरंकुश राजाच्या राज्यात त्याची आज्ञा हाच कायदा असतो, असे ग्वाल्हेरच्या कलमबंदीसंबंधीच्या माधवराव फाळके खटल्यात १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले.

सीमा मात्र लोकांना जाचक होत असत. कोल्हापूर, सांगली, मिरज, कुरुंदवाड इ. संस्थानांचे मुलूख एकमेकांत व ब्रिटिश जिल्ह्यांत इतके गुंतलेले होते, की काही कोसांच्या प्रवासात मनुष्य तीन-चार अधिकारक्षेत्रे ओलांडी. फरारी आरोपीस ताब्यात मिळविण्यासाठी १९०३ च्या प्रत्यर्पण अधिनियमाची वाट धरावी लागे. दिवाणी बाबतींत याहून चमत्कारिक स्थिती होती. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे संस्थानी न्यायालय हे ‘परकीय न्यायालय’ होते. सरकारने तशी अधिसूचना काढली असेल तरच तेथील हुकूमनाम्याची ब्रिटिश हद्दीत अंमलबजावणी होऊ शके, अन्यथा त्याच्या आधारे नवा दावा लावणे भाग पडे. ऋणको नदीपलीकडे गेला की सावकाराच्या हातातील हुकूमनामा पुष्कळदा निरुपयोगी ठरे.

ब्रिटिश अधिसत्तेची मर्यादा निश्चित करावी, या संस्थानिकांच्या मागणीवरून नेमलेल्या बटलर समितीने (१९२७–२९) तिची व्याख्या करण्याचेच नाकारले. अधिसत्ता श्रेष्ठ आहे व श्रेष्ठच राहिली पाहिजे, एवढाच तिचा निष्कर्ष होता. १९३५ च्या भारत सरकार अधिनियमाने प्रथमच वेगळी दिशा दाखविली. प्रांत व संस्थाने यांचे संघराज्य व्हावयाचे, प्रत्येक संस्थानिकाने सामीलनाम्यावर सही करून सोपवावयाचे विषय नमूद करावयाचे, आणि त्याच्या अर्थाविषयीचे वाद संघन्यायालयाने सोडवावयाचे, अशी ही योजना होती. संस्थानांच्या एकूण लोकसंख्येपैकी निम्मी लोकसंख्या व वरिष्ठ सभागृहातील ५२ जागा यांचे प्रतिनिधित्व करणारे संस्थानिक सामील झाल्यावाचून संघराज्य अस्तित्वात येणार नव्हते. ती अट पुरी झाली नाही आणि दुसरे महायुद्ध सुरू होताच योजना बारगळली. सामीलनाम्याची कल्पना मात्र शिल्लक राहिली.

१९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य अधिनियमाने अधिसत्ता व तिच्याबरोबरचे करार संपुष्टात आले. ती सत्ता नव्या सरकारकडे हस्तांतरित झाली नाही. त्यामुळे १८६२ चे बंधन सुटून कोल्हापूर, निदान कागदावर, एक सार्वभौम राज्य ठरत होते. या वेळी सु. ३,२०० चौ. मैलांचे व सु. ११ लक्ष लोकवस्तीचे (१९४१) हे संस्थान देवासहून दत्तक आलेल्या छत्रपती शहाजी यांच्या अंमलाखाली होते. त्यांनी स्वीकारलेल्या सामीलनाम्याचा मसुदा इतर संस्थानांप्रमाणेच होता. संरक्षण, परराष्ट्रव्यवहार व दळणवळण हे विषय संघाकडे गेले. भावी संविधान स्वीकारण्याचे बंधन संस्थानिकावर राहणार नाही व त्याचे उर्वरित सार्वभौमत्व अबाधित राहील, असेही त्यात स्पष्ट लिहिले होते. बाहेर पडण्याचे कलम मात्र त्यात नव्हते. युरोपीय संघाच्या करारांत असे स्पष्ट कलम २००९ मध्ये अंमलात आले व त्यान्वये ब्रिटन २०२० मध्ये बाहेर पडले. भारतीय सामीलनाम्यात बाहेर जाण्याची वाट नव्हती, आत ओढले जाण्याची मात्र भरपूर होती.

दरम्यान शेजारच्या छोट्या संस्थानिकांनी निराळा मार्ग चोखाळला. आपले एक संयुक्त राज्य करावे हा विचार १९४६ पासून चालू होता. महात्मा गांधींनी त्यांना प्रजेच्या संमतीवाचून असे काही न करण्याचा सल्ला दिला होता. अखेर सांगली, मिरज, भोर, औंध, फलटण इ. आठ संस्थानांनी १९४७ च्या उत्तरार्धात संघाचा करारनामा केला व भोरचे अधिपती राजप्रमुख झाले. त्यांतील औंधला १९३९ पासून ग्रामपंचायतींवर आधारलेली लोकसत्ताक घटना होती. इतरांत तिच्या तोडीचे काही नव्हते. मुलूख सलग नाही, उत्पन्न अपुरे आणि सर्वांत मोठे संस्थान कोल्हापूर बाहेर, अशा स्थितीत हा संघ टिकणे अवघडच होते. प्रजापरिषदेच्या कार्यकर्त्यांचा कलही मुंबई प्रांतात जाण्याकडे होता. ८ मार्च १९४८ रोजी या संस्थानांचा कारभार मुंबई सरकारकडे गेला. संघ असा विरून गेला तरी त्याने एक मूलभूत प्रश्न पुढे आणला. संस्थानिकांनी आपली सत्ता एकदा संघाकडे दिल्यावर पुन्हा स्वतंत्रपणे विलीनीकरणावर सही करण्याचा अधिकार त्यांच्याकडे उरतो काय? याचे उत्तर देण्याची वेळ कोणत्याही न्यायालयावर आली नाही.

कोल्हापूरचा शेवट अधिक वादळी झाला. गांधीहत्येनंतर (३० जानेवारी १९४८) संस्थानात जाळपोळ व दंगली झाल्या आणि भारत सरकारने तेथे आपला प्रशासक नेमला. सामीलनाम्यातील तीन विषयांत अंतर्गत कारभार येत नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे करारनामा व प्रत्यक्ष सत्ता यांतील अंतर ध्यानी येते. पुढे विलीनीकरणाचा करार होऊन १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतास जोडण्यात आले. या कराराने राज्यकारभाराची संपूर्ण व अनन्य सत्ता भारत सरकारला मिळाली, व तिचा वापर प्रांतबाह्य अधिकारितेच्या १९४७ च्या अधिनियमान्वये मुंबई सरकारमार्फत होऊ लागला. १ ऑगस्ट १९४९ रोजी संस्थान विलीनीकरण आदेश लागू होईपर्यंत कोल्हापूर विधीच्या भाषेत प्रांताबाहेरचेच होते. संविधान अंमलात येण्यापूर्वीच संस्थान प्रांतात मिसळून गेल्यामुळे, ‘भावी संविधान स्वीकारण्याचे बंधन नाही’ या कलमाचा उपयोग करण्याचा प्रसंग कोल्हापूरवर आलाच नाही.

संस्थानी कायद्यांची जागा मुंबईच्या कायद्यांनी टप्प्याटप्प्याने घेतली. जहागिरी १९५३ च्या अधिनियमाने रद्द झाल्या. व्यक्तींच्या हक्कांचा प्रश्न अधिक बिकट होता. प्रदेशाचे हस्तांतर हे ‘राज्यकृत्य’ असून, पूर्वीच्या राजाने दिलेला हक्क नव्या सत्तेने मान्य केला असेल तेवढाच टिकतो, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने दालमिया दादरी खटल्यात (१९५८) घेतली. संविधानाच्या ३६३ व्या अनुच्छेदाने तर संस्थानांशी झालेले तह, करार व सामीलनामे यांतून उद्भवणारे वाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले. परकीय हुकूमनाम्याचे भूतही लवकर उतरले नाही. ग्वाल्हेरच्या न्यायालयाने १९४८ मध्ये गैरहजर प्रतिवादींविरुद्ध दिलेला हुकूमनामा अलाहाबादेत बजावता येणार नाही, असे १९६२ मध्ये शितोळे खटल्यात ठरले. तोपर्यंत दोन्ही शहरे एकाच प्रजासत्ताकात येऊन बारा वर्षे लोटली होती.

विलीनीकरणाच्या मोबदल्यात मिळालेले तनखे व मानमरातब यांचा शेवटचा निवाडाही याच परिसराशी निगडित आहे. राष्ट्रपतींनी संस्थानिकांची मान्यता काढून घेण्याचा दिलेला आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये रद्द केला. त्यानंतर १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनख्यांची तरतूदच काढून टाकण्यात आली. या दुरुस्तीला आव्हान देणाऱ्यांत धाकट्या पातीच्या कुरुंदवाड संस्थानाचे रघुनाथराव गणपतराव हे होते. ही आश्वासने देशाच्या ऐक्याची किंमत म्हणून दिलेली असल्यामुळे ती संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग ठरतात, असे अर्जदारांचे म्हणणे होते. १९९३ मध्ये न्यायालयाने ते फेटाळले. देशाचे एकीकरण हे संस्थानिकांच्या सह्यांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, प्रजेच्या इच्छेचे फळ होते, असा या निर्णयाचा रोख होता.

संस्थानकाळात कोल्हापूरला स्वतःचे उच्च न्यायालय होते. विलीनीकरणाबरोबर ते संपले आणि अपिलासाठी मुंबई गाठणे पक्षकारांच्या नशिबी आले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले. जुन्या दक्षिणी संस्थानांचा बराचसा मुलूख याच सहा जिल्ह्यांत मोडतो.