एफेससचे आर्टेमिस-मंदिर

मृगया ही प्राचीन काळी केवळ राजेलोकांची करमणूक नव्हती. कित्येकांचे उदरभरण तिच्यावरच होत असे. तेव्हा तिची स्वतंत्र देवता असावी यात नवल ते काय? ग्रीक लोकांची ही देवता म्हणजे धनुर्धारिणी आर्टेमिस. तिचे सर्वांत विख्यात मंदिर आजच्या तुर्कस्तानात, एफेसस येथे होते. प्राचीनांनी त्याची गणना जगातील सात आश्चर्यांत केली.

लिडियाचा धनाढ्य राजा क्रीसस याने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात या मंदिरास स्तंभ अर्पण केले. त्याचे नाव कोरलेले शिलाखंड लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. रोमन ग्रंथकार प्लिनी याने मंदिराची लांबी ४२५ फूट, रुंदी २२५ फूट व स्तंभांची संख्या १२७ दिली आहे. भूकंपाचा धक्का बसू नये म्हणून जागा मुद्दाम दलदलीची निवडली व पायाखाली कोळसा आणि लोकर घातली, असेही तो सांगतो.

देवस्थानाची पत एवढी की लोक आपले द्रव्य तेथे ठेव म्हणून ठेवीत. झेनोफोन या सेनानी-ग्रंथकाराने देवीच्या वाट्याचे द्रव्य येथील पुजाऱ्याच्या स्वाधीन केले होते. पुढे पुजाऱ्याने ते प्रामाणिकपणे परत केले. झेनोफोनने त्यातून ग्रीसमध्ये स्किलस येथे देवीसाठी जमीन घेतली व एफेससच्या मंदिराची लहान प्रतिकृती उभारली. तेथील उत्सवात त्याची मुले व गावकरी रानडुकरे आणि हरिणे मारून आणीत आणि साऱ्या पंचक्रोशीस देवीच्या नावे भोजन मिळे. उत्पन्नाचा दशांश देवीस द्यावा व उरलेल्यातून मंदिराची डागडुजी करावी, असा शिलालेखही त्याने तेथे लावला. सार्वजनिक निधीचा हिशेब ज्यांनी कधी सांभाळला आहे, त्यांस या शिलालेखाचे मोल निराळे सांगावयास नको.

इसवी सनापूर्वी ३५६ मध्ये एफेससचे मंदिर जळाले. आग लावणाऱ्याचा हेतू चोरीचा नव्हता, वैराचाही नव्हता. आपले नाव अजरामर व्हावे, एवढाच होता. नगरवासीयांनी त्याच्या नामोच्चारावर बंदी घातली, परंतु थिओपोम्पस या इतिहासकाराने ते नोंदवून ठेवले. आम्ही ते येथे देत नाही. त्यावाचून हकीकतीत काही उणे राहत नाही.

पुनर्बांधणी चालू असता सिकंदर तेथे आला. झालेला व होणारा सर्व खर्च मी देतो, मात्र शिलालेखात श्रेय माझे असावे, असे त्याने कळविले. एफेससवासीयांनी नकार दिला. एका नागरिकाने त्यास सुचविले की देवाने देवास देणगी देणे शोभत नाही! दिग्विजयी राजास इतक्या गोड शब्दांत परत पाठविणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. आणि हा नकार फुकटचा नव्हता. स्त्रियांनी अंगावरचे दागिने दिले, पुरुषांनी आपली मत्ता दिली, जुने स्तंभही विकले, आणि त्या पैशांतून मंदिर पुन्हा उभे राहिले.

हे मंदिरही तिसऱ्या शतकात गॉथ टोळ्यांनी लुटून जाळले. त्याचे दगड इतर इमारतींत गेले, उरलेले गाळाखाली दडले. जॉन टर्टल वुड या इंग्रज स्थापत्यविशारदाने १८६३ पासून शोध चालविला. नाट्यगृहातील एका शिलालेखात देवीच्या मिरवणुकीचा मार्ग दिलेला होता. त्या मार्गाचा माग काढीत त्याने १८६९ च्या अखेरीस मंदिराची फरसबंदी गाठली. सापडलेले तुकडे रचून उभा केलेला एकच स्तंभ आता त्या पाणथळ जागी आहे. त्याच्या माथ्यावर करकोचे घरटे करतात.