साडेतीन शहाण्यांमध्ये नाना फडणवीस ‘अर्धे’ का?

मराठीला साडेतीन हा आकडा भारी प्रिय. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं आणि पेशवाईतले साडेतीन शहाणे. सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे. नाना फडणवीस मात्र अर्धे. शनिवार पेठेतल्या शनिवारवाड्यातून ज्यांनी वीसेक वर्षं मराठी राज्याचा कारभार हाकला, तेच अर्धे?

नेहमी सांगितलं जाणारं कारण असं, की बाकीचे तिघे मुत्सद्दीही होते आणि लढवय्येही. नानांकडे फक्त मुत्सद्देगिरी होती. पानिपतावर ते होते, पण लढवय्ये म्हणून नाही. वय होतं १८. तिथून ते जीव वाचवून परतले आणि हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

पण तारखा पाहिल्या तर आणखी एक गोष्ट दिसते. विठ्ठल सुंदर १० ऑगस्ट १७६३ ला राक्षसभुवनच्या लढाईत मारले गेले. तेव्हा नाना जेमतेम २१ वर्षांचे होते. म्हणजे हे चौघे एकाच वेळी राजकारणात होते तेव्हा नाना अजून शिकाऊच. त्यांचं खरं काम त्यानंतरचं.

३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गादीवर रघुनाथराव बसले. नाना आणि सखारामबापूंनी इतर कारभाऱ्यांना जोडून बारभाईंचं कारस्थान उभं केलं. १७७४ मध्ये नारायणरावांच्या मुलाचा, सवाई माधवरावांचा, जन्म झाला आणि काही दिवसांच्या बाळाच्या नावाने पेशवाई सुरू झाली. रघुनाथराव इंग्रजांकडे गेले. त्यातून पेटलेलं युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहाने थांबलं. रघुनाथरावांना पेन्शन मिळाली, पेशवेपद नाही.

दरम्यान १७७९ मध्ये नानांनी सखारामबापूंनाच कैदेत टाकलं. रघुनाथरावांशी त्यांचं आतून संधान असल्याचा संशय होता. बापूंचा शेवट कैदेतच झाला. पूर्ण शहाण्याला अर्ध्या शहाण्याने असं संपवलं. नानांचं कौतुक करताना ही बाजू झाकायची गरज नाही.

तलवार न चालवणारा माणूस कमी शहाणा का, हा वाद रोममध्येही झाला होता. तिथला वक्ता आणि मुत्सद्दी सिसेरो इ.स.पू. ६३ मध्ये कॉन्सल होता. कॅटिलाइनचा कट त्याने सिनेटमधल्या भाषणांनी उघडा पाडला. पुढे ‘डी ऑफिसिस’ या ग्रंथात त्याने मांडलं, की लोक रणांगणावरच्या पराक्रमाला राज्यकारभारापेक्षा मोठं मानतात, पण ते बरोबर नाही. उदाहरण अर्थातच स्वतःचंच दिलं. (आत्मस्तुतीत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.) पण त्याच कटवाल्यांना खटल्याशिवाय मृत्युदंड दिला म्हणून त्याला काही काळ रोम सोडावं लागलं. इ.स.पू. ४३ मध्ये अँटनीच्या माणसांनी त्याला ठार केलं. शब्दांमागे सैन्य नव्हतं.

नानांनाही शेवटी हेच नडलं. १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला, पण त्याच वर्षी सवाई माधवराव वाड्यात पडून गेले. गादीवर रघुनाथरावांचेच चिरंजीव, दुसरे बाजीराव आले आणि दौलतराव शिंद्यांच्या फौजेपुढे नानांना कैदही भोगावी लागली. १३ मार्च १८०० ला पुण्यात त्यांचं निधन झालं. नानांबरोबर मराठी सरकारातला शहाणपणा आणि संयमही गेला, असं तेव्हाचे इंग्रज रेसिडेंट कर्नल पामर यांचं मत होतं. ३१ डिसेंबर १८०२ ला बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली.