गोल्फ मैदानाची रचना

गोल्फ मैदानाची रचना : टी (पहिला फटका मारण्याची जागा), फेअरवे (टी व ग्रीन यांमधील कापलेल्या गवताचा पट्टा), ग्रीन (खळीभोवतीची बारीक गवताची जागा) आणि बंकर (वाळूचे खड्डे) यांची जमिनीच्या चढउतारांवर केलेली मांडणी. पूर्ण मैदानात १८ होल (टीपासून खळीपर्यंतचे टप्पे) असतात. ग्रीनवरील खळीचा व्यास (१०८ मिमी.) नियमाने ठरलेला आहे; होलची लांबी, वळणे व अडथळे मात्र रचनाकार ठरवतो. त्यामुळे दोन मैदाने कधी सारखी नसतात आणि खेळाची गोडी मुख्यतः रचनेवर अवलंबून राहते.

मूलतत्त्व : चांगले मैदान खेळाडूला निवड करायला लावते. दंडात्मक रचनेत अडथळा आडवा पसरलेला असतो. तो ओलांडण्यावाचून गत्यंतर नसते. डावपेचांच्या रचनेत तो तिरपा किंवा एका कडेला असतो. त्याला खेटून जाणाऱ्याचा पुढचा फटका सोपा होतो, वळसा घालणाऱ्याचा अवघड. नवख्याला वाट मिळते, कसलेल्याला मोह पडतो आणि दोघेही त्याच मैदानावर रमतात.

सेंट अँड्र्यूज : स्कॉटलंडमधील येथील ‘ओल्ड कोर्स’ हा डावपेचांच्या रचनेचा आदिनमुना. समुद्रकाठच्या वालुकामय माळावर तो शतकानुशतके घडत गेला; मूळ आखणी कोणा एकाची नाही. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांमुळे येथील बंकर तयार झाले, असे परंपरेने सांगतात. १७६४ मध्ये २२ होलचे १८ झाले. पुढे तीच संख्या सर्वत्र प्रमाण ठरली. चौदा होलमध्ये मिळून सात जोडग्रीन (दोन होलना सामाईक ग्रीन) असून जोडीतील होलक्रमांकांची बेरीज दर वेळी १८ येते. १८६५ पासून मैदानाची निगा राखणाऱ्या टॉम मॉरिस (१८२१–१९०८) यांनी अठरावे ग्रीन तयार केले. सतराव्या ‘रोड होल’वर उजवीकडे मैदानाची हद्द आहे. त्या हद्दीजवळ चेंडू टाकणाऱ्याला ग्रीन खुले दिसते. डावीकडे जपून खेळणाऱ्याच्या वाटेत ग्रीनला बिलगलेला खोल बंकर येतो आणि फटका जरा लांबला, तर पलीकडे रस्ता व दगडी भिंत आहे. या मैदानावर रविवारी सहसा खेळ बंद असतो. गावकरी तेथे फिरायला येतात.

मॅकेंझी व जोन्स : अ‍ॅलिस्टर मॅकेंझी (१८७०–१९३४) हे पेशाने डॉक्टर. बोअर युद्धात पाहिलेली लपण्याची कला त्यांनी बंकर निसर्गात मिसळून टाकण्यासाठी वापरली. १९२० मध्ये त्यांचे रचनाशास्त्रावरील पुस्तक आले. १९२४ मध्ये त्यांनी ओल्ड कोर्सचा नकाशा काढला. अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्स यांनी १९२१ मध्ये याच मैदानाच्या अकराव्या होलवर हार मानून स्पर्धा सोडली होती. १९२७ मध्ये त्यांनी येथेच ‘ओपन’ ही ब्रिटिश खुली स्पर्धा जिंकली. पुढे दोघांनी मिळून जॉर्जिया राज्यात ‘ऑगस्टा नॅशनल’ उभारले. रुंद फेअरवे आणि ढाळदार ग्रीन हा सेंट अँड्र्यूजचा धडा तेथे डोंगरउतारावर गिरवलेला दिसतो.

लांबी : आधुनिक चेंडू व स्टिकमुळे फटके लांबले. मैदाने वाढवावीत की साहित्यावर मर्यादा घालावी, याविषयी मतभेद आहेत.

देखभाल : गवताची निवड, निचरा व पाणीपुरवठा महत्त्वाचे.

भारत : कोलकात्याचा ‘रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब’ (१८२९) ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना मानला जातो.