मराठवाड्यातील काव्याध्ययन

मराठवाड्यातील काव्याध्ययन : कविता कशी वाचावी, तिचा अर्थ कसा लावावा आणि तिच्या सौंदर्याची जाण विद्यार्थ्याच्या ठायी कशी निर्माण करावी, या प्रश्नांना मराठवाड्यात, विशेषतः नांदेड व लातूर या भागांत, मिळालेली उत्तरे पुणे-मुंबईकडील उत्तरांहून बरीच भिन्न आहेत. तिकडे काव्याभ्यासाचे पाठ्यपुस्तक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तयार झाले. मराठवाड्यात मराठी कविता अनेक पिढ्या कानांनीच शिकली गेली आणि आधुनिक शाळा आली तेव्हा त्या शाळेची भाषा निराळी होती. साहजिकच येथे पुस्तकापेक्षा शिक्षकाला अधिक महत्त्व आले.

या प्रदेशाची काव्यपरंपरा जुनी आहे. आद्य कवी मुकुंदराज व विपुल ग्रंथरचना करणारे दासोपंत यांची स्मृतिस्थाने नजीकच्या अंबेजोगाईस आहेत. यथार्थदीपिका लिहिणारे वामन पंडित हे मूळचे नांदेडचे, असे परंपरा मानते. ज्ञानेश्वरी व एकनाथी भागवत यांची पारायणे, वीरशैव समाजातील मन्मथस्वामींच्या परमरहस्याचे पठण, कीर्तने आणि भजने हीच सर्वसामान्यांची काव्यशाळा होती. ग्रंथ सांगणाऱ्याची रीत ठरलेली असे : ओवी म्हणावयाची, कठीण शब्द फोडावयाचा, अन्वय लावावयाचा, दृष्टांत द्यावयाचा आणि ओवी पुन्हा म्हणावयाची. ओवीची साडेतीन चरणांची चाल किंवा मोठ्या अभंगाची सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरांची मांडणी निरक्षर श्रोत्यालाही मोजदादीशिवाय कळत असे. शब्दाशब्दापाशी थांबण्याची ही सवय काव्यवाचनाला अत्यंत उपकारक होय. मात्र ग्रंथ वंदनीय असल्याने एखादी ओवी सरस का व दुसरी सामान्य का, हा प्रश्न तेथे सहसा उपस्थित होत नसे.

मुद्रित पाठ्यपुस्तकाचा मान परशुरामपंत तात्या गोडबोले यांच्या नवनीत (१८५४) या वेच्यांकडे जातो. प्राचीन मराठी कवींच्या निवडक रचनांचा हा संग्रह मुंबई इलाख्यातील अनेक पिढ्यांचे काव्याचे पहिले पुस्तक ठरला. गोडबोल्यांच्याच वृत्तदर्पणाने वृत्तांचा परिचय करून दिला. या पुस्तकांभोवती जी शिकवण्याची पद्धत वाढली तिची चार अंगे होती : अन्वय, शब्दार्थ, अलंकार व वृत्त. ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र घोकून गण पाडता आले आणि मोरोपंतांच्या आर्येतील विखुरलेले कर्ता-कर्म-क्रियापद जुळवता आले की, कविता आली असे समजत. या पद्धतीची पुढे पुष्कळ हेटाळणी झाली व तीत तथ्यही आहे. परंतु अन्वय लावल्यावाचून मोरोपंत वाचताच येत नाहीत, हे हेटाळणी करणाऱ्यांनी फारसे ध्यानात घेतले नाही. वामन पंडितांचे वेचे नवनीताच्या द्वारे पुण्याच्या विद्यार्थ्याला क्रमिक पुस्तकातच मिळाले. नांदेड त्या शिक्षणव्यवस्थेच्या बाहेर, हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते.

हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात फार्सीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतून देण्यास प्रारंभ केला. देशी भाषेला विद्यापीठीय माध्यम करण्याचा हा प्रयोग भारतात लक्षणीय होता, पण मराठी, तेलुगू व कानडी मुलांना ती देशी भाषा आपली नव्हती. नांदेड हे जिल्ह्याचे ठिकाण होते. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात, तर उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात मोडत. या भागातील विद्यार्थी गणित व इतिहास उर्दूतून शिके आणि मराठी कविता एका विषयापुरती वाचे. १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हणण्यावरून उस्मानियातून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. एक गीत म्हणणे हेच तेथे विद्यापीठीय शिक्षण गमावण्याचे कारण झाले होते.

उस्मानिया विद्यापीठातच मराठीचे अध्यापन करणारे कवी व संशोधक ना. गो. नांदापूरकर यांनी मुक्त-मयूरांची भारते या ग्रंथात मुक्तेश्वर व मोरोपंत या दोघांच्या महाभारतांचा तुलनात्मक अभ्यास केला. एकच कथाभाग दोन कवींनी कसा हाताळला, हे शेजारी ठेवून पाहणे ही आस्वाद शिकवण्याची उत्तम वाट आहे, कारण तीत अर्थ समान राहून भेद काव्याचाच उरतो.

उर्दू माध्यमाचा एक अनपेक्षित लाभही झाला. बहर, काफिया व रदीफ यांची ओळख असलेला आणि शेर हा स्वतंत्र, स्वयंपूर्ण घटक म्हणून ऐकण्यास सरावलेला मराठी वाचक या भागात तयार झाला. ओवी कथेच्या ओघात पुढे जाते. शेर दोन ओळींत थांबतो व ऐकणाऱ्यालाही थांबवतो. या दोन्ही सवयी एकाच कानाला लागणे ही मराठवाड्याची विशेष मिळकत होय. निलंगा येथे जन्मलेले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी (१९१०–९४) यांचे मिर्झा गालिब आणि त्याच्या उर्दू गझला हे पुस्तक या मिळकतीचे ठळक फळ आहे. माधव जूलियन यांनी गज्जलांजलीत (१९३३) गझलेचे रूप मराठीत रुजवले होते. पगडींनी मूळ उर्दू गझल कशी वाचावी हे मराठी वाचकाला सांगितले. ते पाठ्यपुस्तक म्हणून लिहिलेले नव्हते, परंतु प्रवेशपुस्तकाचे काम त्याने केले.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यावर परिस्थिती पालटली. १९५० मध्ये स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने नांदेड येथे पीपल्स कॉलेज निघाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व १९५८ मध्ये औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. मराठी आता शिक्षणाची भाषा होती. उणीव होती ती कविता शिकवण्याच्या नव्या दृष्टीची.

या संदर्भात नरहर कुरुंदकर (१९३२–८२) यांचे कार्य मूलगामी आहे. नांदापूरकर हे त्यांचे मामा. इंटरच्या परीक्षेत कुरुंदकरांना एकाहून अधिक वेळा अपयश आले होते, आणि नांदेडच्या प्रतिभा निकेतन या शाळेत ते कित्येक वर्षे शिक्षक होते. पुढे पीपल्स कॉलेजात ते प्राध्यापक व प्राचार्य झाले. त्यांचा रिचर्ड्‌सची कलामीमांसा हा ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. आय्. ए. रिचर्ड्‌स या इंग्रज समीक्षकाने केंब्रिज येथे विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता वाचावयास दिल्या व त्यांचे अभिप्राय लिहून घेतले. १९२९ च्या ग्रंथात त्याने त्यांची छाननी केली, तेव्हा सुशिक्षित विद्यार्थ्यांनाही कवितेचा सरळ अर्थ अनेकदा लागत नाही, ठराविक प्रतिक्रिया व खाजगी आठवणी त्यांच्या आड येतात, असे दिसून आले. याच विचाराच्या प्रभावातून अमेरिकेत ब्रुक्स व वॉरन यांचे काव्यवाचनाचे गाजलेले पाठ्यपुस्तक (१९३८) निर्माण झाले.

कुरुंदकरांचे लक्ष रिचर्ड्‌सच्या तात्त्विक बाजूकडे अधिक होते. काव्याने वाचकाच्या मनातील विरोधी प्रेरणांचे संतुलन साधते, या उपपत्तीची त्यांनी चिकित्सा केली. भरताच्या नाट्यशास्त्राचा त्यांचा व्यासंग आणि मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराशी त्यांनी घातलेला वाद यांचा या चिकित्सेशी निकटचा संबंध आहे. कवितेचे मूल्य प्राचीनत्वाने, पावित्र्याने किंवा कवीच्या नावाने ठरत नसून वाचकाला ते प्रत्येक वेळी स्वतः तपासावे लागते, हा या चर्चेचा शिक्षणाच्या दृष्टीने निष्कर्ष होतो. ग्रंथ वंदनीय मानणाऱ्या आणि अन्वयापाशी थांबणाऱ्या अशा दोन्ही जुन्या पद्धतींना तो छेद देणारा आहे. हा विचार एखाद्या विद्यापीठीय केंद्रात न मांडला जाता नांदेडसारख्या गावी मांडला गेला, याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. तरीही ग्रंथ कठीण होता. त्यातील दृष्टी वर्गापर्यंत पोहोचवील असे सुलभ क्रमिक पुस्तक त्याच्या जोडीला आले नाही; ती पोहोचली ती मुख्यतः व्याख्यानांतून व विद्यार्थ्यांशी झालेल्या संवादातून.

१९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळ (बालभारती) स्थापन झाले व क्रमिक पुस्तके राज्यभर एक झाली. नामदेव ढसाळ यांच्या गोलपिठा (१९७२) या संग्रहाने व एकूण दलित कवितेने अलंकार-वृत्तांच्या परिभाषेत न मावणारी भाषा समोर आणली, तेव्हा रसग्रहणाची जुनी चौकट अपुरी पडली.

लातूर जिल्हा १९८२ मध्ये अस्तित्वात आला आणि पुढे तेथील महाविद्यालयांची कसून सराव करून घेणारी पद्धत ‘लातूर पॅटर्न’ या नावाने प्रसिद्धी पावली. तिचा भर विज्ञान शाखेवर व गुणांवर आहे. ग्रामीण विद्यार्थ्यांना वैद्यक व अभियांत्रिकीची दारे तिने उघडली, हे मान्य करूनही सराव-उत्तराची ही रीत कवितेला मानवत नाही, असे म्हणावे लागते. दहावीच्या कुमारभारतीत (२०१८) रसग्रहणाला स्वतंत्र गुण आहेत. उत्तर मात्र आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य व भाषिक वैशिष्ट्ये या तीन मथळ्यांत बसवले जाते आणि मथळे ठरलेले असल्याने मजकूरही पाठ करता येतो. या पुस्तकाबरोबर आलेल्या कृतिपत्रिकेच्या आराखड्यात अपठित उतारा गद्याचा ठेवण्यात आला व रसग्रहणासाठी शिकवलेल्या कवितेच्याच ओळी नेमण्यात आल्या.