फगफूरची काच

उर्दू साहित्य शिकवताना 'फगफूर' हा शब्द कधी ना कधी येतोच. फारसी-उर्दूत चीनच्या बादशहाला फगफूर म्हणतात. मूळ इराणी शब्दाचा अर्थ 'देवाचा पुत्र'. चिनी लोक आपल्या सम्राटाला 'स्वर्गाचा पुत्र' म्हणत, त्याचेच हे भाषांतर. पुढे उंची चिनी भांड्यांना 'फगफूरी' हे नाव पडले. मराठीने त्याच देशाच्या नावावरून 'चिनी माती' घेतली.

अलीकडे ही फगफूरी मोबाईलवर येते. आमच्या अंधेरी-जोगेश्वरी पट्ट्यात ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार आहे, तिकडे दक्षिण मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट आहे. अशा बाजारांभोवती फिरणारा एक फोटो ओळखीच्या माणसाने मला पाठवला: पिवळ्या काचेची फुलदाणी, खाली ओळ, 'चीनच्या बादशाही कारखान्यातली, दोनशे वर्षे जुनी, विकणे आहे.' त्याचा प्रश्न एवढाच होता, 'सर, बुडावर लिहिलंय ते वाचता येईल का?' मला चिनी येत नाही. पण त्या अक्षरांपेक्षा मोठा प्रश्न मला वेगळाच वाटला: बादशहाची वस्तू मुंबईत आली कशी?

आधी काचेविषयी. चिनी मातीची भांडी जगप्रसिद्ध, पण दरबारी काचकाम तिथे उशिरा बहरले. १६९६ मध्ये सम्राट कांगशी याने बीजिंगमध्ये राजवाड्यासाठी काचकारखाना काढला. उभारणी किलियन स्टुम्फ या जर्मन जेझुइट पाद्र्याच्या देखरेखीखाली झाली. कारागीर चिनी होते, शानतुंग प्रांतातल्या पोशान या काचेच्या गावचे आणि कँटनचे. कांगशीचा नातू चियनलुंग (राज्यकाल १७३६ ते १७९५) याच्या काळात हे काम शिखरावर पोहोचले. एका रंगाच्या काचेवर दुसऱ्या रंगाचा थर चढवून तो कोरायचा, म्हणजे पांढऱ्यावर लाल फुले उठून दिसतात. तपकिरीच्या इवल्याशा बाटल्या तर अगणित झाल्या. पिवळा हा बादशाही रंग, म्हणून त्या काचेचा मान वेगळा.

बुडावर राज्यकालाची चार किंवा सहा अक्षरे कोरलेली असतात. खरेदीदार त्यांनाच भुलतो. पण चियनलुंगची अक्षरे त्याच्या मृत्यूनंतरही कोरली गेली, आजही कोरली जातात. अक्षरे हा पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली याची सलग साखळी. ही साखळी असेल तर किंमत कुठे जाते पाहा: २०१९ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात चियनलुंगकालीन एक मिनाकारी काचेची फुलदाणी २० कोटी हाँगकाँग डॉलरांहून अधिक किमतीला गेली.

आता मुंबई. चिनी वस्तू इथे येण्याचा पहिला रस्ता व्यापाराचा. जमशेटजी जीजीभाई १७९९ मध्ये पहिल्यांदा चीनला गेले. त्यांच्या भागीदारांत जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद होते आणि कोकणी मुसलमान मुहम्मद अली रोघेही होते. आपल्याकडे नाखुदा घराण्यांचा अभिमान सांगितला जातो, तो योग्यच आहे. पण जहाजांत काय भरलेले असे हेही सांगायला हवे. कापूस होता आणि माळव्याची अफू होती. येताना चहा, रेशीम, चिनी भांडी. चीनने अफू बंद करायचा प्रयत्न केला तेव्हा इंग्रजांनी युद्ध लादले (१८३९ ते १८४२). त्याच चीनच्या व्यापारावर श्रीमंत झालेल्या घरातून, लेडी आवाबाई जमशेटजी यांच्या १ लाख ५७ हजार रुपयांतून, १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे पुरा झाला. आम्ही उपनगरवाले बांद्र्याहून माहीमला जातो ते याच रस्त्याने.

दुसरा रस्ता लुटीचा. ऑक्टोबर १८६० मध्ये इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी बीजिंगजवळचा युआनमिंगयुआन हा बादशाही बागमहाल लुटला. मग लॉर्ड एल्गिनच्या हुकमाने तो जाळला. इंग्रजांच्या वाट्याच्या मालाचा तिथेच लिलाव झाला आणि पैसा फौजेत वाटला गेला. त्या फौजेत प्रॉबिन आणि फेन यांची हिंदुस्थानी घोडदळे होती. हाच एल्गिन १८६२ मध्ये हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला.

तिसरा रस्ता संग्राहकांचा. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांनी जमवलेल्या चिनी वस्तू आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. तिकीट काढून कोणालाही पाहता येतात. मुलांना तिथे जरूर न्या.

चौथा रस्ता सर्वांत गर्दीचा: कालपरवाच्या कारखान्यातून थेट बाजारात.

म्हणून ती फुलदाणी नकली असेल तर विकणारा फसवतो आहे. अस्सल असेल तर प्रश्न अधिक अवघड होतो. कायद्याचा भाग सोपा आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. पण आपल्या फिक्हमध्ये 'गसब' हा शब्द आहे: दुसऱ्याची वस्तू जबरीने बळकावणे. असा माल आहे हे ठाऊक असताना तो विकत घेणे जायज नाही, मग मधे कितीही हात बदललेले असोत.

आपण कोहिनूर परत मागतो, शिवरायांची मानली जाणारी वाघनखे लंडनहून सातारच्या संग्रहालयात आली तेव्हा रांगा लावतो. ही मागणी न्याय्य असेल तर चिनी माणसाची युआनमिंगयुआनबद्दलची मागणीही तितकीच न्याय्य आहे. आपला माल गेला की लूट आणि दुसऱ्याचा आपल्याकडे आला की अँटिक, हे इन्साफाचे माप नव्हे.

मी त्या ओळखीच्या माणसाला एवढेच कळवले: बुडावरची अक्षरे राहू द्या, विकणाऱ्याला आधीच्या मालकांची कागदपत्रे आणि परवाना मागा. दोन्ही नसतील तर फोटो पाहून डोळे निववा आणि पैसे घरी ठेवा.